अमेरिकेचं कूळ

माझ्या घरमालकांचा पोचेवर जितका विश्वास होता तितका माणसांवर नव्हता. शेजारी वाडगाभर भाजी पाठवली की वाडगा रिकामा परत येऊ नये, त्यात चिमूटभर साखर तरी असावी, याला सगळं कोकण रीत म्हणतं. ते पोच म्हणत. साखर आली नाही तर भाजी पोचलीच नाही असं धरून चालत आणि दुसऱ्या दिवशी चौकशीला जात. सुट्टीहून परतले की मी म्हणायचे, "आईने तुम्हाला नमस्कार सांगितलाय." ते लगेच मला आईला फोन लावायला लावत, फोन कानाला धरून "नमस्कार मिळाला" एवढंच बोलत आणि माझ्या हातात परत देत. दोन वर्षं आईची समजूत होती की रत्नागिरीच्या त्या काकांना याखेरीज दुसरं वाक्य येत नाही.

मी सांगलीकडची. जमिनी मोजणाऱ्या सरकारी खात्यात नोकरी लागली म्हणून रत्नागिरीला आले, आणि मुरुगवाड्यात त्यांच्या घराची मागची खोली बघायला गेले. त्यांनी जात विचारली नाही, गाव विचारलं नाही, रात्री किती वाजता येणार तेही विचारलं नाही. "खाता कुठला?" एवढंच विचारलं. मी खातं सांगितल्यावर आत वळून काकींना म्हणाले, "खोली उघड गो." नंतर कळलं की माझ्याआधी त्यांनी एका बँकवाल्याला आणि एका फौजदाराला नकार दिला होता. कारणही त्यांनी मला सांगितलं. बँकवाल्याला कागद कळत नाही, आणि फौजदाराला कळतो पण तो उलटा धरतो.

तीस वर्षं ते मालवाहू बोटींवर इंजिनखोलीत तेल घालायच्या कामाला होते. बोटीवरची बाकीची माणसं घरी येताना टेपरेकॉर्डर आणत, घोंगड्या आणत, सेंटच्या बाटल्या आणत. यांनी कागद आणले. अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरात खलाशांची एक जुनी खाणावळ बंद होत होती. तिथलं सामान फुटपाथवर काढून ठेवलं होतं, त्यात काचेतलं एक काळंपांढरं चित्र होतं आणि पाऊस पडत होता. "बाय, कागद पावसात भिजतोय ह्या मला बगवत नाय," ते सांगत. "उचलला आणि आत घेतला. बस." कोकणातला माणूस पाऊस आला की दिसेल ते आत घेतो, मग ते स्वतःचं असो नसो. यांनी अमेरिका आत घेतली.

पुढे छंदच लागला. बंदरातल्या जुन्या सामानाच्या एका दुकानदाराने त्यांना सांगितलं की त्यांच्याकडे एकदा फार मोठी मंदी आली, तेव्हा सरकारने बेकार चित्रकारांना पगारावर ठेवलं. त्यांनी लाकडावर कोरून, दगडावर काढून चित्रं छापली. काकांनी याचं मराठीत एका शब्दात भाषांतर केलं, "रोजगार हमी." मग समजावून सांगत, "आपल्याकडं दुष्काळ पडला की खडी फोडायला लावतात. त्यांच्याकडं चित्रकार होते, त्यांना चित्रं फोडायला लावली." बोट जिथे लागेल तिथे ते ही चित्रं शोधत. बंदरापुरतं मोडकंतोडकं इंग्रजी बोलायला यायचं, वाचायला मात्र इंजिनाच्या घड्याळांवरचे आकडे सोडून काही येत नव्हतं. चित्राच्या पाठीवर गोल शिक्का असेल तरच घेत. शिक्का असला की माल अस्सल.

प्रत्येक चित्राखाली पेन्सिलीने आकडा होता, १२/२५ असा. त्यांनी तो सर्व्हे नंबर बारा, हिस्सा पंचवीस असा वाचला होता आणि अमेरिकेतही जमिनीचे इतके तुकडे झालेत याचं त्यांना वाईट वाटायचं. मी सांगितलं, काका, पंचवीस प्रती छापल्या, त्यातली ही बारावी. तेव्हापासून त्यांना बाकीच्या चोवीसांची काळजी लागली. पाऊस धरला की म्हणायचे, "ह्याची भावकी कुठं असंल? कोरडी असंल काय?"

त्यांची स्वतःची तेवीस चित्रं लोखंडी कपाटात होती, आणि कपाटात पावसाळ्याचे चार महिने साठ पॉवरचा बल्ब जळायचा. समुद्र घराच्या मागे हाकेवर. त्या हवेत देवाच्या पुस्तकालाही बुरशी धरते. अख्ख्या घरात कोरडी जागा म्हणजे ते कपाट, म्हणून काकी आपले सोडे तिथेच ठेवत. सुकवलेल्या कोळंबीचा वास किती दूरवर पोचतो हे ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. अमेरिकेतले पूल, कारखाने आणि धरणं उघडली की सोड्यांचा घमघमाट सुटे. काका तक्रार करत. काकींची तक्रार उलटी होती. त्यांचं म्हणणं, चित्रांचा वास सोड्यांना लागतो. वीज गेली की काका कोळशाची इस्त्री पेटवून कपाटाच्या खालच्या खणात ठेवत. एकदा अमेरिका जळता जळता राहिली.

दर संकष्टीला ओटीवरचं चित्र बदलायचं. फावडं खांद्यावर टाकलेला एक माणूस होता, पहाटेच्या अंधारात उभा. "हा लोट्याचा, कारखान्यातला," काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "कंपनीच्या बसची वाट बगतोय. पयली पाळी हाय." सूप मिळावं म्हणून रांगेत उभी राहिलेली माणसं ही रेशनची रांग होती आणि त्यातल्या तिसऱ्याचा चेहरा आमच्या दूधवाल्यासारखा होता, तसा तो खरंच होता. एक चित्र मात्र काकींच्या डोक्यात बसलं होतं. गच्चीवर एक बाई दोरीवरचे कपडे काढतेय, दातात कपड्याचा चिमटा धरलाय, मागे काळं आभाळ. ते लागलं की काकी बाहेर जाऊन आपले वाळत घातलेले कपडे आत आणत, लख्ख ऊन असलं तरी. "ती केवापासून काढतेय बिचारी," म्हणत. "कुणीतरी हात द्या तिला."

हे सगळं सुखाने चाललं होतं, आणि ते मी बिघडवलं.

आमच्या खात्यात कागद आधी उलटा करून मागचा शिक्का बघायची सवय लागते. एका संकष्टीला दुपारी काका चित्र बदलत होते, लोट्याचा माणूस माझ्या हातात होता, मी तो उलटा केला आणि गोल शिक्का वाचला. नवीन नोकरीचा उत्साह होता, म्हणून लगेच मराठीतही सांगून टाकलं. ही कलाकृती सरकारच्या मालकीची आहे, सार्वजनिक जागेत लावण्यासाठी उसनी दिली आहे, विकू नये. मग आम्ही बाकीची बावीस उलटी केली. सगळ्यांवर तेच.

काका झोपाळ्यावर बसले. "म्हंजे ती माजी नायत?"

"नाहीत."

"कोणाची?"

"अमेरिकेच्या सरकारची."

तीन दिवस त्यांनी कपाट उघडलं नाही. सकाळचा चहा ओटीवर घेत, तो स्वयंपाकघरात घेऊ लागले. काकींनी विचारलं तर म्हणाले, "चोर ओटीवर बसत नाय." मला माझ्या तोंडाची लाज वाटत होती. मी म्हटलं, काका, अमेरिकेला काय कळणार आहे, त्यांना ही चित्रं आठवतही नसतील. ते म्हणाले, "मला म्हाईत हाय ना."

चौथ्या दिवशी मी ऑफिसला निघाले तर ते इस्त्रीचा शर्ट घालून ओटीवर बसलेले.

"बाय, मी चोर नाय. मी कूळ हाय."

कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. जमीन मालकाची, राबणारा कूळ, आणि दरवर्षी पिकातला ठरलेला वाटा मालकाच्या घरी पोचवायचा, त्याला खंड म्हणतात. काकांचं म्हणणं सरळ होतं. चित्रं अमेरिकेची. पण इतकी वर्षं बल्ब कोणी जाळला, वाळवी कोणी झाडली, कडुनिंबाचा पाला कोणी बदलला? ही मशागत नाही तर काय? चुकलं एवढंच की खंड गेला नाही. तो आता द्यायचा.

मी हसले. मग त्यांनी मला वडिलांची गोष्ट सांगितली आणि मी हसायची थांबले. वडील खोताचं कूळ होते. दर वर्षी डोक्यावरून भात नेऊन खोताच्या कोठीत ओतत. "खोतान पोच कदी दिलान नाय," काका म्हणाले. पुढे जमीन कसणाऱ्याची असा कायदा आला, तेव्हा कसत होतो हे दाखवायला वडिलांकडे कागद नव्हता. केस चालली. तालुक्याला खेटे घालून घालून चपला झिजल्या. निकाल बाजूने लागला तेव्हा वडील ऐकायला नव्हते. "माजा तसा नको व्हायला. मी असताना मालकान कबूल केला पायजे." ते हे रडवेले होऊन सांगत नव्हते, अर्ज वाचून दाखवावा तसं सांगत होते.

खंड कसला द्यायचा हे ठरवायला वेळ लागला नाही. दारात हापूसचं कलम होतं. मे महिन्यात मी ट्रेनिंगसाठी मुंबईला निघाले, तेव्हा त्यांनी माझ्याबरोबर एक पेटी दिली आणि एक पत्र, दोन प्रतींत. मी ती पेटी घेऊन अमेरिकेच्या कचेरीच्या फाटकाशी उभी राहिले, आणि अर्थातच रखवालदाराने अडवलं. खायची वस्तू आत जात नाही. पत्र बघून म्हणाला, "खंड? कसला वो खंड?" बोलण्यावरून ओळखलं, विचारलं, तर संगमेश्वरचा निघाला. मी सगळं सांगितलं. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, म्हणाला, "आमचा आजा पण कूळच होता. माजी ड्युटी सुटू दे, पेटी मी घेतो." संध्याकाळी पाच वाजता त्याने पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर 'आंबे एक पेटी मिळाले' असं लिहून खाली सही केली.

पेटी फाटकाच्या आत गेलीच नाही हे मी काकांना खरं खरं सांगितलं. त्यांना काही वाटलं नाही. "खोताकडं तरी खोत कुठं बसायचा मोजायला? दारावरचाच माणूस घ्यायचा." ती पोच त्यांनी लॅमिनेट करून देव्हाऱ्याशेजारी लावली.

त्यानंतर त्यांनी मोजणीचा अर्ज केला. माझ्याकडेच, घरातल्या घरात. मी सांगून पाहिलं की आमचं खातं जमीन मोजतं आणि कुळाच्या नोंदी आमच्याकडे होतही नाहीत. ते म्हणाले, "मग नोंद नको. मोज तरी." रविवारी सकाळी मोजणी ठरली. रीतसर, म्हणून लगतच्या कब्जेदाराला आधी नोटीस. कपाटात लगतची कब्जेदार म्हणजे काकी, सोड्यांमुळे. काकींनी नोटीस घेतली आणि तिच्यात लसूण बांधून ठेवला.

त्या दिवशी काका मला बाय म्हणाले नाहीत, मॅडम म्हणाले, आणि खुर्ची दिली. मी टेप लावून तेवीस चित्रांची लांबीरुंदी घेतली, मोठ्या कागदावर नकाशा काढला. उत्तरेस बल्ब, दक्षिणेस सोडे, पूर्वेस कपाटाचं दार, पश्चिमेस भिंत. कब्जेदार म्हणून काकांचं नाव, त्यापुढे 'कूळ'. शेवटी नियमाप्रमाणे विचारलं, कोणाची हरकत?

"माजी हाय," काकी पदराला हात पुसत म्हणाल्या.

"कसली?"

"ही कपडेवाली मला पायजे."

काका उठून उभे राहिले. "मालकाची हाय ती. मी कूळ. मी तुला कशी देऊ?"

"मग मालकाला इचारा. नायतर अख्खा कपाट माज्या सोड्यांना घेतंय." काकींनी कधी काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं, काकांनीही नसावं. मी नकाशाच्या कोपऱ्यात हरकत नोंदवली आणि काकींची सही घेतली.

असली हरवलेली चित्रं शोधणारं एक सरकारी ऑफिस अमेरिकेत आहे हे मला इंटरनेटवर सापडलं. मी म्हटलं, ईमेल करते. काकांनी ईमेल चालणार नाही म्हणून सांगितलं, तिला पोच नसते. मग नकाशाची नक्कल, पत्र आणि आंब्यांच्या लॅमिनेट केलेल्या पोचेची झेरॉक्स रजिस्टर पोस्टाने गेली. कित्येक आठवड्यांनी पोचपावतीचं कार्ड परत आलं. त्यावर अमेरिकेतल्या कोणाचीतरी सही होती. काकांनी ते कार्ड वाड्यात घरोघर दाखवलं.

त्यानंतर पत्र आलं. त्या ऑफिसातल्या एक बाई कामासाठी भारतात येणार होत्या, त्या चित्रं बघायला येतील. काकांचा चेहरा उतरला. "काढून घ्यायला येतायत," म्हणाले. "येऊ देत. कुळान मालकाला दार बंद करायचा नाय."

बाई आल्या. साठीच्या होत्या, घामाने डबडबलेल्या. ओटीवर बसून त्यांनी पांढरे हातमोजे घातले, पहिलं चित्र उचललं, नाकाजवळ नेलं, आणि मग माझ्याकडे वळून विचारलं की कागद टिकवायला हे काय वापरतात? मी काकांना विचारलं.

"सोडे," काका म्हणाले.

बाईंनी स्पेलिंग विचारून वहीत लिहून घेतलं. काकींनी आतून मूठभर आणून दाखवले. बाईंनी त्यातले चार एका छोट्या पिशवीत घालून पिशवीवर तारीख टाकली. मग त्या म्हणाल्या की या चित्रांच्या काही प्रती त्यांच्याकडे ओल लागून गेल्या, आणि इथे समुद्राकाठी ही कशी राहिली हे त्यांना कळत नाही. काकांना हे सांगितलं तर त्यांनी डोळे मिटले. भावकी गेली होती.

मग बाई काकांकडे बघून एक वाक्य बोलल्या. तुम्ही इतकी वर्षं आमच्यासाठी यांची काळजी घेतलीत, तुमचे आभार, असं साधं वाक्य होतं. काका माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "काका, त्या म्हणतायत, तुम्ही इतकी वर्षं आमची चित्रं कसलीत."

"लिवून दे म्हणावा."

बाईंनी लिहून दिलं, सही केली, ऑफिसचा शिक्का मारला. काकांनी तो कागद आधी उलटा करून बघितला, माझ्याकडून शिकले होते. मग म्हणाले, "आता नेऊ दे."

बाई चित्रं मोजून घेऊ लागल्या आणि बावीसवर काकांनी हात आडवा धरला. "ऐका म्हणावा. कुळान जमीन सोडली तरी घराखालची जागा त्याच्याकडं ऱ्हाते. आमच्या कायद्यात हाय." तेविसावी कपडेवाली होती. मी त्यांना कूळ कायदा इंग्रजीत समजावला. कसा समजावला ते आता आठवत नाही, पण सोपं गेलं नाही. बाईंनी चित्र बघितलं, नकाशाच्या कोपऱ्यातली हरकत बघितली, काकींकडे बघितलं. मग विचारलं, इथे लावलेलं चित्र कोणालाही येऊन बघता येईल का? कारण उसनं द्यायचं तर सार्वजनिक जागेतच द्यावं लागतं.

"ओटी काय माज्या बापाची हाय?" काका म्हणाले. "सगळ्यांचीच हाय."

मी याचं भाषांतर 'हो' असं केलं. बाईंनी पावतीवर बावीस लिहिलं, आणि खाली वेगळ्या ओळीत, एक चित्र काकींच्या नावे उसनं. काकी म्हणाल्या, "पाऊस येईल वाटंत, सांग त्यांना, चित्रं नीट झाकून न्या."

पेट्या आंब्याच्याच होत्या, गवत घालून बांधलेल्या. गाडी गेल्यावर काका कपाटापाशी गेले. आत फक्त सोडे होते. बल्ब त्यांनी बंद केला नाही, तो दिवाळीपर्यंत जळत होता. काकींनी विचारलं तर म्हणायचे, "तुज्या सोड्यांसाठी." मालकाने कबूल केलं होतं, चोरी पुसली होती, कागद हातात होता, आणि तरी तो माणूस रिकाम्या कपाटासमोर स्टूल घेऊन बसायचा. मला ते बघवत नसे. मी ऑफिसातून मुद्दाम उशिरा येऊ लागले.

पुढे माझी बदली झाली. खंडाची पेटी मात्र दर मे महिन्यात जात राहिली. एका चित्राची झाली तरी काकांनी पेटी अर्धी केली नाही. संगमेश्वरच्या त्या रखवालदाराची पोच पोस्टाने यायची आणि फोनवर मला वाचून दाखवली जायची.

ते गेले ते दोन वर्षांनी, झोपेत. मी बाराव्याला पोचले. ओटीवर कपडेवाली होती, हार घातलेला काकांचा फोटो तिच्या शेजारी. काकी मला आत घेऊन गेल्या. कपाटातून मोजणीचा नकाशा काढला. कागद कोरडा होता, वास मारत होता.

"ह्याच्यावर माजा नाव लाव बाय. वारस म्हणून. खंड आता मी देणार ना."

या नकाशाला कायद्यात कवडीची किंमत नाही हे मी सांगणार होते. सांगितलं नाही. पेन काढलं. काकांच्या नावापाशी टोक टेकवलं तेवढ्यात काकींनी माझं मनगट धरलं.

"खोडू नकोस हां."

"खोडत नाहीत काकी. गेलेल्या माणसाच्या नावाला कंस करतात आणि खाली वारसाचं नाव लिहितात."

"म्हंजे नाव ऱ्हाता?"

"राहतं."

मी कंस काढला, एक बाजू, मग दुसरी. काकी चष्मा लावून वाकल्या आणि बराच वेळ त्या दोन रेघांमधलं नाव बघत राहिल्या.

"बरा हाय," म्हणाल्या. "आत बसू दे त्यांना. दमट हवा लागणार नाय."

मग त्यांनी खाली सही केली, नकाशा सोड्यांच्या डब्याखाली ठेवला, आणि बल्ब लावून कपाटाचं दार लोटलं.